उन्हाचे यंत्र : पहिला खर्च कोणी करायचा?

यवतमाळच्या मे महिन्याचे वर्णन तुम्हांला सांगायला नको. २२ मेच्या आसपास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. अशा निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जमिनीवर सुमारे १ किलोवॅट, म्हणजे एका विजेच्या इस्त्रीइतकी शक्ती पडत असते. तुमच्या घराची गच्ची वीस चौरस मीटरची असेल, तर तिच्यावर वीस इस्त्र्या एकाच वेळी चालू आहेत असे समजा!

आता याच जिल्ह्यातले दुसरे चित्र पाहा. वणी परिसरातल्या खाणींतून दगडी कोळसा निघतो. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत जीनचे कापड तयार होते. कापड रंगवायचे, धुवायचे, वाळवायचे तर वाफ लागते. उमरखेड-महागावकडे हळद शिजवायला सरपण जाळावे लागते. दूध तापवायचे तर बॉयलर लागतो. या कामांना लागणारे तापमान काही लोखंड वितळवण्याइतके नसते. ६० ते १८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान बहुतेकांचे भागते.

मग ऊन फुकट असताना आपण कोळसा, तेल आणि लाकूड का जाळतो?

या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग पदार्थविज्ञानाचा आहे, तो तुमच्या पाठ्यपुस्तकात सापडेल. दुसरा भाग पैशाचा आहे आणि तो सहसा कोणत्याच पाठ्यपुस्तकात नसतो. नवे यंत्र कागदावर बरोबर असले तरी त्याचा पहिला नमुना कोणीतरी पदरचे पैसे घालून बांधावा लागतो. तो कोणी बांधायचा? हे दोन्ही भाग एकाच उदाहरणातून पाहू. त्यासाठी आपल्याला उमरखेड, नांदेड ओलांडून लातूरला जावे लागेल.

लातूरची अरुण तबकडी

लातूरच्या महानंद दुग्धशाळेत २००५-०६च्या सुमारास एक प्रचंड तबकडी उभी राहिली. तिचे नाव ‘अरुण’. अरुण म्हणजे सूर्याचा सारथी. सुमारे १६० चौरस मीटर क्षेत्रफळाची ही आरशांची तबकडी आयआयटी मुंबई आणि मुंबईतील ‘क्लिक’ ही छोटी कंपनी यांनी मिळून विकसित केली. या कामात पुढाकार घेणारे डॉ. शिरीष केदारे २०२४ साली आयआयटी मुंबईचे संचालक झाले. तबकडीचे काम होते दूध निर्जंतुक करण्यासाठी लागणारी उष्णता पुरवण्याचे.

अंतर्वक्र आरसा तुम्ही प्रयोगशाळेत हाताळला आहे. दुरून येणारे समांतर किरण तो नाभीपाशी एकत्र आणतो. पण १६० चौरस मीटरचा एकसंध वक्र आरसा घडवणे फार महाग पडेल. म्हणून येथे एक युक्ती केली जाते. अनेक लहान सपाट आरसे घ्यायचे आणि प्रत्येकाला असा कोन द्यायचा की त्याच्यावरून परतलेले ऊन एकाच ठिकाणी जाऊन पडेल. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहाच्या भिंगासाठी वापरलेल्या युक्तीचीच ही बहीण. सपाट काच बाजारात मिळते. शिवाय आरशांमध्ये फटी ठेवता येतात आणि वारा त्यांतून निघून जातो.

नाभीपाशी नळीचे वेटोळे एका पोकळीत बसवलेले असते. पोकळी का? दुपारी लांबून घराची उघडी खिडकी काळी दिसते, भिंत पांढरी असली तरीसुद्धा. आत शिरलेला प्रकाश भिंतींवर आपटत राहतो आणि बाहेर फारसा येत नाही. पोकळीत शिरलेले ऊनही असेच अडकते आणि नळीतील पाण्याला उष्णता मिळते.

मात्र एक अडचण आहे. पृथ्वी फिरते, त्यामुळे सूर्य आकाशात चार मिनिटांत एक अंश सरकतो. सूर्यबिंबाची रुंदी सुमारे अर्धा अंश. म्हणजे तबकडी स्थिर ठेवली, तर दोनच मिनिटांत ऊन स्वतःच्या रुंदीइतके बाजूला घसरेल आणि नळीऐवजी भलत्याच जागी पडेल. म्हणून तबकडी दिवसभर दोन अक्षांभोवती हळूहळू फिरवावी लागते. एक फिरणे पूर्व-पश्चिम आणि दुसरे वर-खाली.

या नळीतून सुमारे १८ बार दाबाखालचे पाणी फिरवून ते १८० अंशांपर्यंत तापवता येत असे. पाणी १०० अंशांना उकळते ना? मग १८० अंशांना ते पाणीच कसे राहिले? स्वयंपाकघरातला कुकर आठवा. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. १८० अंशांना उकळी फुटू द्यायची नसेल तर दाब १० बारपेक्षा अधिक हवा. १८ बार दाबाखाली पाणी २०० अंशांच्याही पुढेपर्यंत द्रवच राहते.

पाणी द्रव ठेवण्याचा एक फायदा आहे. त्यात उष्णता साठवून ठेवता येते. समजा, चांगल्या आवरणाच्या टाकीत १,००० किलोग्रॅम पाणी १८० अंशांवर आहे आणि ते १२० अंशांपर्यंत उतरू दिले. या तापमानाला पाण्याची विशिष्ट उष्णता सुमारे ४.३ किलोज्यूल आहे. म्हणून मिळणारी उष्णता १,००० × ४.३ × ६० = २,५८,००० किलोज्यूल, म्हणजे सुमारे ७२ युनिट. ढगाची सावली आली तरी काम थांबत नाही.

एकच उष्णता पुन्हा पुन्हा

आता तबकडी किती उष्णता देईल त्याचा हिशेब करू. हे आकडे आपण समजण्यासाठी धरलेले आहेत. थेट सूर्यकिरणांची शक्ती दर चौरस मीटरला ७०० वॅट धरा. १६० चौरस मीटरवर ११२ किलोवॅट पडतील. त्यांपैकी ६५ टक्के पाण्यात उतरले, तर सुमारे ७३ किलोवॅट. सहा तासांत सुमारे ४३७ युनिट. बॉयलरमध्ये भट्टीचे तेल जाळून एवढी उष्णता मिळवायची तर रोज सुमारे ५० लिटर तेल लागेल.

एवढ्या उष्णतेत किती दूध निर्जंतुक होईल? पद्धत अशी की, दूध ७२ अंशांपर्यंत तापवून १५ सेकंद तसेच ठेवायचे आणि लगेच थंड करायचे. १०,००० लिटर दुधाचे वस्तुमान सुमारे १०,३०० किलोग्रॅम. विशिष्ट उष्णता ३.९ किलोज्यूल. ४ अंशांवरून ७२ अंशांवर न्यायचे तर १०,३०० × ३.९ × ६८ किलोज्यूल, म्हणजे सुमारे ७५९ युनिट लागतील. आपली दिवसभराची ४३७ युनिट जेमतेम ५,७०० लिटर दुधाला पुरतील. निराशा झाली ना?

पण थांबा. तापलेले दूध लगेच थंडच करायचे आहे. मग त्याची उष्णता वाया का घालवायची? पातळ स्टीलच्या पत्र्याच्या एका बाजूने तापलेले दूध आणि दुसऱ्या बाजूने येणारे थंड दूध उलट दिशांनी वाहू द्यायचे. बाहेर जाणारे दूध आपली उष्णता आत येणाऱ्या दुधाला देऊन जाते. असे ८५ टक्के काम भागले, तर बाहेरून फक्त १५ टक्के, म्हणजे ११४ युनिटच द्यावी लागतात. आता त्याच ४३७ युनिटांत सुमारे ३८,००० लिटर दूध होईल!

सूर्य तोच आणि तबकडीही तीच. उष्णता कोठून घ्यायची, कोठे साठवायची आणि कोठे परत वापरायची याचा विचार केला एवढेच. उष्णतेचे व्यवस्थापन म्हणतात ते हेच. तुमच्या खिशातल्या मोबाइलपासून अवकाशयानापर्यंत सगळीकडे हा प्रश्न आहे. अवकाशात तर हवाच नाही. त्यामुळे यंत्रांची नको असलेली उष्णता शेवटी प्रारणानेच बाहेर टाकावी लागते.

पहिले यंत्र महाग का पडते?

आतापर्यंतचे गणित दहावीच्या विद्यार्थ्याला समजेल असे आहे. मग एखाद्या कारखानदाराने आपणहून ही तबकडी का बसवली नसती?

कारखानदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तुमच्याकडे चालू बॉयलर आहे. एक इंजिनिअर येऊन सांगतो, “माझे यंत्र तुमचे तेल वाचवील.” तुम्ही विचारता, “ते आधी कोठे चालू आहे?” तो म्हणतो, “अजून कोठेच नाही.” तुम्ही त्याला नमस्कार करून निरोप द्याल. बँकही तसेच करील, कारण कर्जाला तारण हवे आणि कल्पना तारण ठेवता येत नाही.

त्यातून पहिला नमुना नेहमीच महाग. एकच यंत्र करायचे म्हणून सुटे भाग किरकोळ दराने घ्यावे लागतात. वेल्डिंग करताना सांगाडा किंचित वाकला की आरशांचे कोन बिघडतात, मग ते पुन्हा लावा. हवेचा जोर, धूळ, पावसाळा हे सगळे सोसून यंत्र किती टिकते ते पाहायला एक-दोन वर्षे द्यावी लागतात. या काळात विक्री शून्य आणि खर्च चालूच.

कधी कधी यंत्राची मूळ कल्पनाच बदलावी लागते. पुण्यात उत्पादन करणाऱ्या ‘प्रोमेथियन’ या कंपनीचे उदाहरण घ्या. गावातले दूध काढल्याबरोबर थंड करावे म्हणून तिने आधी सौरपट्ट्यांवर चालणारे शीतयंत्र करायचे ठरवले. ते महाग पडू लागले. मग वीज असते तेव्हा थंडपणा साठवायचा आणि दूध येते तेव्हा तो वापरायचा, अशी रचना पुढे आली. याचा हिशेब सोपा आहे. १०० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायचे तर सुमारे १२,४५० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. म्हणजे ३७ किलो बर्फाइतका साठा पुरे. विजेच्या लहरीवर दूध नासत नाही. पण ही साधी वाटणारी गोष्ट कळायला आधीचा नमुना बांधून पाहावा लागला.

प्रयोगशाळेत सिद्ध झालेली कल्पना आणि बाजारात विकले जाणारे यंत्र यांच्यामध्ये अशी एक दरी असते. अलीकडे संशोधकांचे वेतन असते. पलीकडे गिऱ्हाइकांचे पैसे असतात. मधल्या जागेत कोणीच पैसे घालायला तयार नसतो आणि चांगली यंत्रेसुद्धा तेथेच पडून मरतात. सरकारच्या मदतीची खरी जागा हीच.

मदतीच्या तीन पायऱ्या

सरकार मदत करते म्हणजे थैली उघडून देते असे नाही. निदान तसे करू नये. ही मदत तीन पायऱ्यांनी केली जाते.

पहिली पायरी अनुदानाची. कल्पनेचा पहिला नमुना बांधण्यासाठी दिलेली ही रक्कम परत मागितली जात नाही, पण मोजमापांचा अहवाल मागितला जातो. लातूरच्या अरुण तबकडीला केंद्र सरकारच्या तेव्हाच्या अपारंपरिक ऊर्जास्रोत मंत्रालयाचे पाठबळ होते. प्रयोग खऱ्या दुग्धशाळेत झाला ही गोष्ट मोठी. प्रयोगशाळेच्या गच्चीवरचे यंत्र आणि रोज पहाटे दूध येणाऱ्या कारखान्यातले यंत्र यांत फार फरक असतो. २०१६ साली विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने ‘निधी’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यातील ‘प्रयास’ योजनेत नमुना बांधण्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली.

दुसरी पायरी सवलतीच्या कर्जाची. नमुना चालला, आता दहा यंत्रे करायची आहेत. येथे सरकार धोका वाटून घेते. १९९५च्या कायद्याने स्थापन झालेल्या तंत्रज्ञान विकास मंडळाने प्रकल्पाच्या निम्म्यापर्यंत खर्चासाठी ५ टक्के सरळव्याजाने कर्ज देण्याचा मार्ग घेतला. या पैशाचे मूळ मोठे मजेदार आहे. १९८६च्या एका कायद्याने परदेशी तंत्रज्ञान विकत घेणाऱ्यांवर त्या रकमेच्या ५ टक्के उपकर बसवला होता. बाहेरून तंत्रज्ञान आणणाऱ्याने घरच्या तंत्रज्ञानासाठी थोडे द्यावे, अशी त्यामागची कल्पना. हा उपकर २०१७ साली रद्द झाला.

तिसरी पायरी पहिल्या गिऱ्हाइकांची. शिर्डीला साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ साली ७३ सौर तबकड्या बसल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक होऊ लागला. एकूण खर्च सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये होता. त्यांपैकी सुमारे ५८ लाख रुपये केंद्र सरकारने दिले. कधी सरकार स्वतःच गिऱ्हाईक होते. २०१८ साली सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहा’त निवडलेल्या नव्या उद्योगांना सरकारी खात्यांत १५ लाख रुपयांपर्यंतचे काम करून दाखवण्याची संधी देण्यात आली. नव्या उद्योजकाला बक्षिसापेक्षा असे काम अधिक उपयोगी. पुढच्या गिऱ्हाइकाने “आधी कोठे चालू आहे?” असे विचारले की त्याला आता उत्तर देता येते.

अमेरिकेत १९८२ साली याच धर्तीवर कायदा झाला. संशोधनावर मोठा खर्च करणाऱ्या सरकारी खात्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा लहान उद्योगांसाठी बाजूला ठेवायचा. पहिल्या वर्षी हा हिस्सा फक्त ०.२ टक्के होता, तो पुढे १.२५ टक्क्यांपर्यंत वाढवायचा होता. तेथेही पायऱ्याच आहेत. आधी थोडी रक्कम देऊन कल्पना शक्य आहे का ते पाहायचे. जे उत्तीर्ण होतील त्यांनाच मोठी रक्कम. बाजारात उतरताना मात्र या राखीव निधीतून पैसे नाहीत. अवकाशयानातील उष्णता हलवण्याची, विजेची बचत करण्याची कितीतरी कामे ‘नासा’ने या मार्गाने लहान कंपन्यांकडे सोपवली.

पैसा बुडाला तर?

तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी येथे हात वर करील. “सर, हा लोकांच्या कराचा पैसा. यंत्र चालले नाही तर?”

प्रश्न रास्त आहे. अरुण तबकडी लातूरनंतर दिल्लीच्या आयटीसी मौर्य हॉटेलच्या गच्चीवर आणि अन्य ठिकाणीही बसली. पण दरम्यान २०१० नंतर वीज देणाऱ्या सौरपट्ट्या झपाट्याने स्वस्त झाल्या. पट्टी उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलते, तर तबकडी निम्म्याहून अधिक उष्णता देते. तरीही पट्टीला सूर्यामागे फिरावे लागत नाही आणि ती अंधुक उजेडातही थोडे काम करते. त्या विजेवर उष्णता-पंप चालवला, तर कमी तापमानाच्या कामांना तीही चांगली पुरते. सौर तबकड्यांसाठीची केंद्राची अनुदान योजना २०२० साली संपली.

मग तो पैसा वाया गेला का? मला तसे वाटत नाही. आरसे कसे लावावेत, वाऱ्याला सांगाडा कसा टिकवावा, १८ बार दाबाची फिरती नळी कशी जोडावी हे आपल्या इंजिनिअरांना आणि कारागिरांना ठाऊक झाले. १५०-१८० अंशांच्या कामाला आजही हे ज्ञान लागते. नमुन्याला दिलेल्या अनुदानातून सरकार यंत्र विकत घेत नाही, खात्रीचे उत्तर विकत घेते. “हे चालते” हे उत्तर आहे, तसेच “हे या कारणाने चालत नाही” हेही उत्तरच आहे. दुसरे उत्तर १० लाखांत मिळाले, तर पुढचे १० कोटी वाचतात. म्हणूनच पायऱ्या हव्यात आणि प्रत्येक पायरीवर नाही म्हणण्याची हिंमतही हवी.

पैसा खरोखर बुडतो तो मोजमाप केले नाही तर. अनुदान आरशांच्या क्षेत्रफळावर दिले, तर आरशांवर धूळ साचली तरी क्षेत्रफळ तेवढेच राहते. तेच अनुदान मीटरवर मोजलेल्या उष्णतेवर दिले, तर मालक रोज सकाळी आरसे पुसून घेईल! पदार्थविज्ञानातील एककाची निवड येथे थेट लोकांच्या पैशापर्यंत येऊन पोचते. क्षेत्रफळ मोजावे की ऊर्जा, याचा निर्णय चौरस मीटर आणि ज्यूल यांतला फरक समजणाऱ्यानेच करायला हवा.

करून पाहा

आता आपल्या जिल्ह्याकडे परत या. हळद शिजवायला किती लाकूड लागते आणि प्रत्यक्षात किती पुरायला हवे? मिरची वाळवणाऱ्या उन्हातली किती उष्णता नुसत्या वाऱ्यावर जाते? शेतात जळून जाणाऱ्या पऱ्हाटीत किती ऊर्जा आहे? हे प्रश्न सोडवणारे यंत्र उद्या दारव्ह्याच्या किंवा घाटंजीच्या एखाद्या वर्कशॉपमध्येही तयार होऊ शकेल. मात्र अनुदान मागायला जाणाऱ्याच्या हातात आधी मोजमापांची वही हवी. तिची सुरुवात शाळेत करता येते.

एक पत्र्याचा उथळ डबा बाहेरून काळा रंगवा. त्यात १ लिटर पाणी घाला, वर काच ठेवा आणि तापमापीने तापमान लिहून घ्या. डबा दुपारी अर्धा तास उन्हात ठेवून पुन्हा तापमान पाहा. वाढलेल्या अंशांना ४,१८० ने गुणा, म्हणजे पाण्याला मिळालेले ज्यूल कळतील. डब्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढा आणि त्याला १,००० वॅट व १,८०० सेकंद यांनी गुणा. ही डब्यावर पडलेली ऊर्जा झाली. पहिल्या संख्येला दुसरीने भागा. ही तुमच्या यंत्राची कार्यक्षमता. आता डब्याच्या बाजूंना व खाली भुसा किंवा कापूस भरून प्रयोग पुन्हा करा. कार्यक्षमता किती वाढली आणि त्यासाठी किती रुपये खर्च आला, तेही लिहा. (आरशाने ऊन एकवटण्याचा प्रयोग मात्र शिक्षकांशिवाय करू नका, डोळ्यांना इजा होते.)

शिक्षकांनी वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाला खर्चासाठी सारखीच छोटी रक्कम द्यावी. पहिल्या फेरीनंतर ज्यांची मोजमापे नीट आहेत, त्यांनाच दुसऱ्या फेरीची रक्कम मिळेल असा नियम ठेवावा. ज्या गटाचा डबा नीट तापला नाही, पण त्याचे कारण ज्याने आकड्यांनिशी शोधले, त्याला पुढची रक्कम द्यायची की नाही, हे मात्र वर्गाने वाद घालून ठरवावे.